लोगोच्या आधी नाममुद्रा

पर्सनल ब्रँड म्हटलं की अनेकांच्या कपाळाला आठी पडते. माणूस म्हणजे काय साबणाची वडी आहे का, हा त्यामागचा प्रश्न रास्तच आहे. १९९७ मध्ये व्यवस्थापनावर लिहिणारे अमेरिकन लेखक टॉम पीटर्स यांनी ‘फास्ट कंपनी’ या मासिकात लेख लिहिला आणि ही कल्पना घरोघरी पोचली. त्यांचा रोख नोकरदारांवर होता: कंपनीच्या नावावर विसंबू नका, स्वतःचं नाव कमवा. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनीच आहे. ‘तुका म्हणे’, ‘जनी म्हणे’ या नाममुद्रा आठवून पाहा. बोलणारा कोण हे दोन शब्दांत कळतं आणि त्या बोलण्याची जबाबदारी कोणावर हेही कळतं. एकनाथांची मुद्रा तर ‘एका जनार्दनी’, म्हणजे सहीतच गुरूचं ऋण मान्य केलेलं. खाली सही करताना हात अडखळणार नाही असं काम पुन्हा पुन्हा करत राहणं, एवढाच ब्रँडचा अर्थ मी धरतो.

सर्जनशीलता, मोकळेपणा आणि अध्यात्म हे तीन शब्द हल्ली एका दमात उच्चारले जातात. अडचण क्रमाची आहे. बहुतेक जण लोगोपासून सुरुवात करतात, मग एक डोळे पाणावणारी पोस्ट टाकतात आणि अधूनमधून सूर्योदयाच्या फोटोवर सुविचार. हातात काम नसताना केलेलं हे सगळं पोकळ वाजतं. म्हणून आधी कामाबद्दल.

विषय शोधायचा कुठे

‘माझं वेगळेपण काय?’ हा प्रश्न स्वतःला विचारू नका, उत्तर हमखास फसवं येतं. त्याऐवजी गेल्या तीन महिन्यांतले मेसेज आणि मेल चाळा. लोकांनी आपणहोऊन तुम्हाला काय काय विचारलं, ते कागदावर उतरवा. वीसेक नोंदी झाल्या की तीन-चार प्रश्न फिरून फिरून येताना दिसतील. तुमची ओळख तिथे आधीच तयार आहे, तिला फक्त आकार द्यायचा आहे.

त्यातून तीन धागे निवडा: एक कसबाचा, एक कामाच्या पद्धतीचा आणि एक त्या कामातून जगण्याला भिडणाऱ्या प्रश्नाचा. सुलेखन करणाऱ्याचं उदाहरण घेऊ. अक्षराचं वळण हा पहिला धागा, शाई-कागद-टाक आणि सरावाचं वेळापत्रक हा दुसरा, एकाच अक्षरापाशी तासभर बसताना मनाचं काय होतं हा तिसरा. चौथा धागा घेतलात की वाचणाऱ्याला तुम्ही नक्की कशाचे, ते कळेनासं होतं.

मग एकच माध्यम आणि १२ आठवडे. लेख, रील, पॉडकास्ट सगळं एकदम सुरू करणारे साधारण तिसऱ्या आठवड्यात दमतात. आठवड्याला १० टिपणं, त्यातून ३ कच्चे खर्डे आणि प्रसिद्ध होणारी गोष्ट एक, असं प्रमाण ठेवा. टिपण एकच असेल तर त्यावर जीव जडतो आणि ते वाईट असलं तरी टाकवत नाही; दहा असली की निवडता येतं. रोजची बैठक २५ मिनिटांची पुरे. त्यात खोडाखोड करायची नाही. कात्री दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा निदान एक तृतीयांश मजकूर उडाला पाहिजे.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात वरवरचं सगळं सांगून संपतं. इथेच बहुतेकांची गाडी अडते आणि दुसऱ्याची नक्कल सुरू होते. उपाय विषय बदलण्यात नाही, भिंग बदलण्यात आहे. ‘सुलेखन कसं शिकावं’ हे सांगून झालं असेल तर ‘ळ’ची दुसरी गाठ का चेपते, यावर अख्खी पोस्ट लिहा. जितकं बारकाव्यात जाल तितकं ते दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

दिसण्याबद्दल फार वेळ घालवू नये. दोन रंग, एक टंक (फॉन्ट), चेहरा ओळखू येईल असा एक फोटो आणि तोच सगळीकडे. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, निदान ४.५ ला १ असावा. वेबवरच्या सुगमतेच्या, म्हणजे सगळ्यांना वाचता-वापरता येण्याच्या, निकषांत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी हाच आकडा आहे. फिक्या करड्यावर पांढरी अक्षरं सुंदर दिसतात आणि वाचता येत नाहीत. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, तेव्हा इंग्रजी पोस्टरची ती हौस इथे नको. शिवाय इन्स्टाग्रामचा बायो १५० कॅरॅक्टरचा असतो, पण कॅरॅक्टर म्हणजे आपलं अक्षर नव्हे. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर, संगणकाच्या लेखी व्यंजनं, हलंत आणि वेलांटी वेगवेगळी मोजून सहा. त्यामुळे बायो आधी १०० कॅरॅक्टरच्या हिशेबाने लिहा आणि त्यात विशेषणाऐवजी क्रियापद ठेवा. ‘सर्जनशील अक्षरप्रेमी’ यापेक्षा ‘देवनागरी अक्षरं शिकवतो’ हे बरं.

एक घर मात्र स्वतःचं हवं. ऑर्कुट हे सोशल नेटवर्क २०१४ मध्ये बंद झालं, सर्वसामान्यांसाठीचं गूगल प्लस २०१९ मध्ये. तिथे जमवलेली माणसं तिथेच राहिली. स्वतःचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता), त्यावर तुमचं सगळं लेखन आणि वाचकांच्या ईमेलची यादी एवढं असलं की बाकीचे मंच नुसत्या वाटा ठरतात. यादीत कोणाचाही पत्ता परवानगीशिवाय घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

मोकळेपणाचं गणित

आपली दुबळी बाजू दाखवली की लोक जवळ येतात, हे अर्धंच खरं आहे. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये यावर प्रयोग केला. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेतल्या स्पर्धकाची ध्वनिफीत ऐकवली. एका फितीत स्पर्धकाची ९२ टक्के उत्तरं बरोबर, दुसरीत ३० टक्के. काहींना पुढे स्पर्धकाच्या अंगावर कॉफी सांडल्याचाही आवाज ऐकवला. हुशार स्पर्धकाने कॉफी सांडली तेव्हा तो ऐकणाऱ्यांना आणखी आवडला. बेताच्या स्पर्धकाने सांडली तेव्हा तो अधिकच नावडता झाला. चूक तीच, निकाल उलटा. म्हणजे आधी काम दिसलं पाहिजे. १२ आठवड्यांतले पहिले सहा नुसत्या कामाला द्या आणि त्यानंतरही मन उघडं करणारी पोस्ट साधारण सहात एक ठेवा.

जखम ओली असताना जगासमोर लिहू नये, खपली धरू द्यावी. मग ओल्या जखमेचं करायचं काय? कागद. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांबद्दल लिहिलं. प्रसंग आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांची मनःस्थिती लिहिल्याबरोबर बिघडली होती, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. इथे ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की त्या लेखनाला जाहीर वाचक नव्हता, टाळ्या नव्हत्या. मन हलकं करायला फॉलोअर लागत नाहीत. जे जगासमोर येतं त्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे.

म्हणून असा खर्डा तयार झाला की तो तपासा. यात दुसरं कोण आहे आणि त्याची संमती आहे का? वाचकाकडून मला धीर हवाय का? (हवा असेल तर एखाद्या मित्राला फोन करा, पोस्ट नको.) माझ्याशी सगळ्यात वाकडं असलेल्या माणसाने हे मोठ्याने वाचून दाखवलं तर मी उभा राहू शकेन का? पहिल्या प्रश्नाशी बहुतेक जण थबकतच नाहीत. स्वतःच्या मोकळेपणाच्या नावाखाली जोडीदाराचं, लेकराचं किंवा आजारी माणसाचं गुपित वाटून टाकतात. मूल मोठं होऊन ते वाचणार आहे. चालू असलेला कोर्टातला वाद, चालू असलेले उपचार आणि राहत्या जागेचा ठावठिकाणा हेही बाहेर ठेवा. पोस्ट पुसता येते, स्क्रीनशॉट पुसता येत नाही.

लिहिण्याची रीत साधी आहे. घडलं काय, दोन वाक्यांत. माझा निर्णय नेमका कुठे चुकला, हे सविस्तर. त्यानंतर कामात काय बदललं, ते सगळ्यात सविस्तर. ‘त्या काळात मी पूर्ण कोसळलो होतो’ हे वाक्य कोणीही लिहू शकतं. ‘विद्यार्थ्यांची संख्या ८ वरून २० केली, वह्या तपासायला वेळ उरला नाही आणि तिसऱ्या आठवड्यापासून मी न बघताच शेरे मारू लागलो’ हे त्या चुकीतून गेलेलाच लिहू शकतो. दुसऱ्या वाक्यात रडणं कुठेच नाही, तरी लाज दिसते.

अशा पोस्टनंतर एक गोष्ट हमखास घडते आणि तिची तयारी क्वचितच कोणाची असते. अनोळखी माणसं स्वतःचं दुःख तुमच्या इनबॉक्समध्ये आणून ठेवतात. चार ओळींचं उत्तर आधीच लिहून ठेवा: विश्वास टाकलात त्याबद्दल आभार, मी वाचलं आहे, मी समुपदेशक नाही, जवळच्या भरवशाच्या माणसाशी किंवा प्रशिक्षित तज्ज्ञाशी जरूर बोला. जिवाला धोका वाटेल असं काही असेल तर त्यांना त्यांच्या भागातल्या तातडीच्या मदतीकडे लगेच वळवा. सल्ला देत बसू नका.

आणि हळव्या पोस्टच्या खाली कोर्सची लिंक कधीही नको. दोन्हींत निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. वाचकाला आपण गळाला लागलो असं एकदा वाटलं की तुमच्या आधीच्या खऱ्या पोस्टही खोट्या ठरतात.

अध्यात्म: पाटी की चाळणी

अध्यात्म हा पोस्टचा विषय करण्याची घाई नको. त्याचं खरं काम पडद्यामागे आहे, ते म्हणजे काय टाकायचं नाही हे ठरवणं. प्रसिद्ध करण्याआधी १० मिनिटं शांत बसा आणि मग वहीत एक ओळ लिहा: ‘हे मी का टाकतोय?’ उत्तर ‘त्याला दाखवून द्यायचंय’ किंवा ‘चार दिवस कोणी विचारलं नाही’ असं आलं तर खर्डा ७२ तास बाजूला ठेवा. तीन दिवसांनी त्यातला निम्मा राग उतरलेला असतो आणि मजकूर निम्म्याने सुधारतो. ही एक ओळ खोटी लिहिण्याचा मोह होतो, म्हणून वही कोणाला दाखवायची नाही.

आकडे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशीच बघायचे. यामागे नुसता वैराग्याचा उपदेश नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल, असं ज्यांना आधी सांगितलं ती मुलं नंतरच्या मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड तशी घटली नाही. लाइकची वाट बघत काढलेल्या प्रत्येक ओळीला ही कसर लागू शकते. फळाची आस सोडून कर्म करण्याची जुनी शिकवण इथे कामाच्या दर्जाशी थेट जोडलेली दिसते.

आठवड्यातला एक दिवस मौन: ना पोस्ट, ना प्रतिक्रिया. महिन्यातून एकदा मागच्या सगळ्या पोस्ट मोठ्याने वाचा आणि प्रत्येकीवर खूण करा: उपयोगाची, मिरवण्याची की विक्रीची. मिरवण्याच्या खुणा उपयोगाच्या खुणांपेक्षा जास्त निघाल्या तर पुढचा महिना फक्त वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. ज्याच्याकडून शिकलात त्याचं नाव घेतलंय का, हेही त्याच वाचनात तपासा. ‘एका जनार्दनी’ची ती सवय आजही कोणाला महाग पडत नाही.

या वाटेवर पाय घसरतो तो दोन ठिकाणी. मानसशास्त्रज्ञ जॉन वेलवूड यांनी १९८० च्या दशकात ‘स्पिरिच्युअल बायपासिंग’ असा शब्द वापरला: न सुटलेल्या भावनिक प्रश्नांना अध्यात्माच्या आडवाटेने वळसा घालणं. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं लिहून वाचकाचं दुःख झटकून टाकणाऱ्या पोस्ट याच जातीच्या. दुसरी घसरण म्हणजे नकळत गुरूच्या आसनावर जाऊन बसणं. लोक बसवतातच, आणि ते सुखावतंही. त्यावर उपाय म्हणजे साधनेबद्दल लिहाल तेव्हा मोजता येईल तेवढंच लिहा: रोज २० मिनिटं, सहा महिने, कुठे कंटाळा आला, कुठे झोप लागली. आत काय गवसलं ते झाकून ठेवलेलंच बरं. ध्यान हा आजारावरचा उपचार म्हणून सांगू नका. काहींची अस्वस्थता त्याने वाढतेही.

१२ आठवडे झाले की तुमचं काम पाहणाऱ्या पाच जणांना विचारा: माझं नाव घेतलं की कोणते तीन शब्द मनात येतात? त्याआधी स्वतःचे तीन शब्द लिहून पाकिटात बंद करून ठेवा. पाचांपैकी तिघांकडून तुमचा एखादा तरी शब्द परत आला तर वाट बरोबर आहे, पुढचे १२ आठवडे त्याच तीन धाग्यांवर काढा. एकही आला नाही तर घाईने बायो बदलू नका. त्यांनी दिलेले शब्द नीट वाचा, पुष्कळदा ते तुमच्या शब्दांपेक्षा बरे असतात. फक्त या पाच जणांत आई-वडील आणि जिवलग मित्र नकोत. ते कौतुकच करणार, आणि तेच त्यांचं काम आहे.