गेरू, तांदूळ आणि बोरू : वारली चित्रांनी सजणाऱ्या एका लग्नाच्या तयारीची टिपणे

माझ्या भाचीचे लग्न येत्या फेब्रुवारीच्या मध्यास बोर्डीजवळ, तिच्या होणाऱ्या सासरच्या चिकूच्या वाडीत व्हायचे आहे. पत्रिका, अक्षतांच्या पुड्या, अंतरपाट, वधूवरांच्या आसनामागची भिंत आणि पंगतीच्या पाट्या हे सर्व घरी, हाताने आणि वारली चित्रांच्या आधाराने करावयाचे असे सप्टेंबरात ठरले, तेव्हा कोणालाच त्यात काही वेगळे वाटले नाही. लग्न डहाणू तालुक्यात आणि मुलीची मावशी बारा वर्षे बोरूने अक्षरे गिरवत बसलेली. दुसरे काय सुचणार? चार महिन्यांनंतर मात्र मला असे दिसते की लग्नासाठी वारली चित्र निवडणे ही सोपी गोष्ट नाही, कारण हे चित्र मुळातच लग्नविधीचा भाग आहे आणि तेथे ते शोभेसाठी काढलेले नसते. असेच काम हाती घेतलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून टिपणवहीतील नोंदी थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

३ ऑक्टोबर

कागदापासून सुरुवात केली. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला, सुमारे २०० जीएसएमचा हातकागद पुण्याहून आणला. कागद पांढरा ठेवून त्यावर गेरूच्या रंगाने छपाई करणे सोपे होते, परंतु वारली घराच्या भिंतीवर चित्र पांढरे आणि पार्श्वभूमी लाल असते. ते उलटवले तर चित्राचा जीवच जातो, असे माझे मत आहे. म्हणून कागदालाच गेरू द्यावयाचा ठरला. खडे कुटून, वस्त्रगाळ करून, पाण्यात कालवून रुंद ब्रशाने एक हात फिरवला, आणि वाळल्यावर रंग असा उतरला की नुकती रंगवलेली भिंतच वाटावी. परंतु त्यावरून बोट फिरवले तर बोट लाल, तळहात लाल, आणि पत्रिका पिशवीत ठेवली तर पिशवीही लाल.

बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून, गाळून त्यात मिसळला. डिंक कमी पडला की रंग हाताला लागतो आणि जास्त झाला की कागदाला चकाकी येऊन घडीवर रंग तडकतो. या दोन टोकांमधली जागा शोधण्यात सतरा तुकडे गेले. शेवटी चार चमचे गेरूला एक चमचा दाट डिंकपाणी, आणि पूर्ण वाळल्यावर वरून एकास आठ पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक अगदी हलका हात, हे प्रमाण जमले. जुन्या पद्धतीच्या कट्टर अभिमान्यांना ही शेवटची पायरी रुचणार नाही, पण त्यांनी पाहुण्यांचे पांढरे सदरे आठवावेत.

कागदाचे काठ कात्रीने कापले नाहीत. पट्टी ठेवून, तिच्या कडेने ओल्या ब्रशाची रेघ ओढावी, अर्धा मिनिट थांबावे आणि कागद दोन्ही हातांनी हळूहळू ओढून सोडवावा, म्हणजे तंतू मोकळे होऊन हवा तसा कच्चा काठ मिळतो. हे काम गेरू देण्यापूर्वी करावयाचे असते, हे मला वीस कागद रंगवून झाल्यावर कळले.

१९ ऑक्टोबर

आज गंजाडच्या बाजूच्या एका पाड्यावर जाऊन आले. ज्यांच्याकडे गेले त्या ज्येष्ठ चित्रकार आहेत. सगळेच त्यांना आजी म्हणतात, म्हणून मीही आजीच म्हटले. मी सोबत नेलेल्या पत्रिकेच्या नमुन्यावर मधोमध लग्नचौक काढला होता : चारी बाजूंनी नक्षीच्या किनारी, आत पालघट देवी, कडेला सूर्य, चंद्र, फणी आणि शिडी. रेषा बारीक होत्या आणि मला त्यांचा अभिमानही होता.

आजींनी नमुना बराच वेळ हातात धरला, उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, “ताई, लगीन झाल्यावर ही पत्रिका कुठं जाते?”

मला उत्तर देता आले नाही. पत्रिका कुठे जाते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी रागावून काहीच म्हटले नाही, केवळ त्यांच्याकडे काय असते ते सांगितले. चौक लग्नघरातच, आतल्या भिंतीवर काढला जातो. तो सुवासिनी काढतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित बाई, लग्नाची गाणी म्हणते. आणि चौक झाल्याखेरीज लग्न पुढे जात नाही. पालघट ही नुसती चित्रातली बाई नसून लग्नाला बोलावलेली देवी आहे, आणि जिला बोलावायचे तिला आमंत्रणाच्या कागदावर छापून १८० घरी पाठवणे बरे दिसत नाही, एवढाच त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता.

परतीच्या गाडीत मी सबंध आराखडा बदलला. कागदावर आणि कापडावर आज जी वारली चित्रे आपण पाहतो, त्यांतील बरीचशी चौकाची नाहीत. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून या पाड्यांवर कागद पोहोचला, आणि पूर्वी केवळ बायकांच्या हातात असलेली ही कला जिव्या सोमा मशे यांनी विधीबाहेर, रोजच्या कामासारखी चालवली. भातलावणी, मासेमारीची जाळी, मुंग्यांच्या रांगा, झाडे आणि तारपा या फुंकून वाजवण्याच्या वाद्याभोवतीचा तारपा नाच असे सारे जगणे त्यांच्या चित्रात आले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. त्यांच्या हातून मोकळ्या झालेल्या या दुसऱ्या धारेतून घ्यावे आणि चौकाला हात लावू नये, हा नियम त्या दिवसापासून आमच्या कामाला लागू झाला. पत्रिकेवर तारपा नाच, अंतरपाटावर वरात आणि झाडे. देवी कोठेही नाही, आणि देवीविना रिकामा चौकही नाही, कारण रिकामे देवघर चितारून ठेवण्यासारखेच ते झाले असते.

आजींनी भिंतीचे मुख्य चित्र स्वतः काढण्याचे कबूल केले. त्यांनी सांगितलेली मजुरी आम्ही मान्य केली, निम्मी त्याच दिवशी दिली, आणि पत्रिकेच्या मागील बाजूस, मजकूर लिहिणाऱ्या मावशीच्या वर, त्यांचे नाव राहील असे ठरले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; ते नसते तरी नाव देण्यावाचून गत्यंतर नव्हते.

९ नोव्हेंबर

तारपा नाचाच्या माझ्या पहिल्या चित्रात एक चूक निघाली, आणि ती आजींच्या नातवाने दाखवली. मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती शंखासारखी वळत गेलेली नाचणाऱ्यांची साखळी मी बरोबर काढली होती, पण साखळीच्या बाहेरच्या टोकाचे चार जण रचनेच्या सोयीसाठी बाहेर तोंड करून उभे केले होते. तारप्याला कोणी पाठ दाखवत नाही, असे तो म्हणाला. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांनी बनलेले ते वाद्य मी पूर्वी ऐकले होते, परंतु नाचणाऱ्यांची तोंडे कोणीकडे असतात याकडे कधी लक्ष दिले नव्हते. चौघेही वळवले. रचना किंचित डावीकडे कलली आणि त्यामुळे अधिक चांगली झाली.

माणसे काढताना टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आपण पट्टीने आखले, तर चित्र रस्त्यावरच्या सूचनाफलकासारखे दिसते. टोके एकमेकांवर अचूक न बसता केसभर सरकलेली असावीत. त्या डगमगीतच नाच असतो. बाईचा अंबाडा ठिपक्यासारखा न काढता डोक्याला चिकटलेला लहान गोल काढावा.

मजकुरासाठी बोरू नव्याने तासला. रोमन अक्षरांसाठी कापलेल्या टोकाच्या उलट तिरका काप देवनागरीला लागतो, आणि काना व शिरोरेषा सारख्याच जाडीच्या हव्या असतील तर तो काप पंचेचाळीस अंशांच्या जवळ असावा. हातकागदाच्या खरखरीतपणामुळे बोरूची धार दहा-बारा ओळींत मरते. म्हणून मजकूर गुळगुळीत कागदावर दुप्पट आकारात एकदाच लिहिला आणि लहान करून त्याचा छपाईचा पडदा (स्क्रीन) बनवून घेतला. “आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!” ही ओळ घ्यावी की नाही यावर घरात दोन तट पडले. ती राहिली, आणि तिच्या शेजारी झाडावर चढलेली तीन पोरे बसली.

६ डिसेंबर

चित्राचा एक आणि मजकुराचा एक असे दोन पडदे होते. पडदा करून देणाऱ्याने चित्राची फिल्म उलटी लावली होती, आणि अक्षरे त्या पडद्यावर नसल्यामुळे मला ते दिसले नाही. साठ कागद छापून झाल्यावर मजकुराचा पडदा ठेवला, तेव्हा नाचाचे शेपूट नेमके वराच्या वडिलांच्या नावावर आले. ते साठ कागद कापून अक्षतांच्या पुड्या केल्या. सहा इंचांच्या चौकोनाच्या शंकूत एक मोठा चमचा अक्षता राहतात. चित्राचा तुकडा प्रत्येक पुडीवर वेगळा येतो आणि तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो, म्हणून या चुकीबद्दल आता मी तक्रार करत नाही.

पांढरी शाई गेरूवर एका हातात झाकली जात नाही. पहिला हात पूर्ण वाळू देऊन, कागद जागचा न हलवता दुसरा हात दिला, म्हणजे ती भरीव उतरते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेषा या कागदावर तुटते; तेवढे तुटणे मला चालले, कारण भिंतीवरची रेषाही तशीच अडखळत जाते.

पत्रिका तयार झाल्या आणि माझी आई पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवण्यासाठी घेऊन बसली. तिने चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावले. हळद दिसली, कुंकू गेरूत नाहीसे झाले. आईने पुन्हा लावले, चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहिले. बारा वर्षांच्या छंदात कागद, शाई आणि अक्षर यांचा इतका विचार करूनही पत्रिकेला कुंकू लागते ही गोष्ट मी विसरले होते. उरलेल्या पत्रिकांच्या कोपऱ्यांवर आता तांदळाच्या पिठाचा नखाएवढा पांढरा ठिपका दिला आहे आणि कुंकू त्यावर लागते.

११ जानेवारी

भिंतीचे काम सर्वांत रमवणारे आणि सर्वांत घाण होते. कारवीच्या काठ्यांचे, बांबूच्या कामट्यांनी आवळलेले, सहा फूट उंच आणि चार फूट रुंद असे दोन कूड वाडीतच बांधून घेतले. त्यावर माती आणि शेण यांचा जाड लेप दिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला तळहातावरच्या रेषांसारख्या भेगा पडल्या. कारणे दोन होती. मातीत तूस घातले नव्हते आणि कूड उन्हात उभे केले होते. दुसऱ्या वेळी बारीक कापलेला पेंढा आणि तूस घालून माती दोन दिवस मुरवली, लेप पातळ दिला, कूड चिकूच्या सावलीत आडवे ठेवले आणि ओल असतानाच राहिलेल्या भेगा अंगठ्याने बुजवल्या. मग शेणाच्या पाण्याचा हात, त्यावर गेरू. एक कूड उचलण्यास चार माणसे लागतात, हे मांडव घालणाऱ्यांना आधीच सांगून ठेवणे इष्ट.

पांढऱ्यासाठी तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर वाटला आणि दुपदरी फडक्यातून गाळला. बांबूची काडी टोकाला चावून केलेल्या कुंचल्याने आडबाजूला एक झाड काढून पाहिले, आणि येथे नवशिक्याची फसगत कशी होते ते स्वतः अनुभवले. ओली रेषा जवळपास दिसतच नाही. ती लाल भिंतीवर पाण्याच्या ओघळासारखी असते, म्हणून मी तीच रेषा दोनदा, तीनदा भरली. दहा मिनिटांनी वाळून ती पांढरीशुभ्र झाली आणि अर्ध्या तासाने पापुद्रा होऊन गळून पडली. आजींना दूरध्वनीवर हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “एकदा काढायचं आणि हात मागं घ्यायचा.” वाटलेले पीठ दुसऱ्या दिवशी आंबते आणि मुंग्या त्याचा माग काढतात, रोज ताजे वाटावे. आजी लग्नाच्या दोन दिवस आधी येऊन दोन्ही कूड भरणार आहेत, आणि तोपर्यंत माझे झाड ओल्या फडक्याने पुसून ठेवले आहे.

पंगतीच्या पाट्या बुरुडाकडून आणलेल्या छोट्या सुपांवर झाल्या. त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही.

२ फेब्रुवारी

अंतरपाट शेवटी घेतला, कारण त्याची मला भीती होती. धुऊन खळ काढलेला, सव्वा मीटर रुंद आणि दोन मीटर लांब मांजरपाट आहे. मधोमध कुंकवाचे स्वस्तिक आईच्या हातचे, आणि त्याभोवती मोकळी जागा सोडून खाली वरात, दोन्ही कडांना ताडाची झाडे. कापडाला गेरू द्यावयाचा विचार सोडून दिला. अंतरपाट वधूच्या नाकासमोर धरला जातो, तिच्या अंगावर पिवळी अष्टपुत्री असते आणि मंगलाष्टके संपताच तो ओढून बाजूला घेतला जातो; गेरूचा एक फटका त्या साडीवर उमटला तर बारा वर्षांचा छंद त्याच क्षणी सुटेल. चाचणीसाठी डिंक घातलेल्या गेरूचा पट्टा एका कोपऱ्यावर देऊन तो ओल्या पांढऱ्या रुमालाने दहा वेळा घासला. रुमाल गुलाबी झाला. तेव्हा येथे रंगांचा क्रम मी नाइलाजाने उलटवला आहे : कापड पांढरे आणि चित्र कापडाच्या पक्क्या विटकरी रंगात, उलट बाजूने इस्त्री करून बसवलेले. गेरूबद्दलचे माझे पहिल्या दिवशीचे मत बदललेले नाही. फक्त साडी वधूची आहे.

वरातीतील एकतीस जणांपैकी वीस झाले आहेत. घोड्याचा एक पाय लांब झाला आहे, तो तसाच राहील. आज रात्री अक्षतांचे तांदूळ निवडून ठेवले आहेत, आणि उद्या सकाळी प्रकाश चांगला असेपर्यंत उरलेल्या अकरा जणांना तारपेवाल्याच्या दिशेने चालते करावयाचे आहे.