एका घडीचे छप्पर

टोकियोतील पहिले चार दिवस असाकुसाचे मंदिर, गिंझातील दुकाने आणि बसच्या खिडकीतून दिसलेले शहर यांतच सरले. पाचव्या दिवशी आमच्या सहल कंपनीने ओमोतेसांदोसाठी अर्धा तास आणि पुढच्या खरेदीसाठी तीन तास ठेवले होते. जगभरातले वास्तुरचनाकार जो रस्ता पाहायला येतात, त्याची ही वाटणी मला सहन होईना. मी स्वतः वास्तुरचनाकार आहे आणि माझ्या आईने आयुष्यभर लोकांचे ब्लाउज शिवले आहेत. वस्त्रावरून सुचलेल्या इमारती पाहण्यासाठीच मी या सहलीला आले होते. म्हणून त्या दिवशी मी एकटीच निघाले.

ओमोतेसांदोवरची डिओर या फॅशन कंपनीची इमारत काझुयो सेजिमा आणि र्यूए निशिझावा यांच्या 'साना' या संस्थेने २००३ मध्ये उभारली. बाहेर सपाट, नितळ काच आहे आणि तिच्या आत अ‍ॅक्रिलिकचे पांढुरके पडदे झुळझुळीत कापडासारखे वळत खाली आले आहेत. दृश्य देखणे आहे, पण इमारत उभी आहे ती आपल्या मजल्यांच्या आणि खांबांच्या जोरावर. पदर काढून घेतला तरी अंग तसेच राहील, असे मला वाटत राहिले.

तिथून मेट्रोच्या चियोदा मार्गावर एकच स्थानक पुढे नोगिझाका लागते. तेथून चालत मी टोकियो मिडटाउन या संकुलाच्या बागेत पोहोचले. वस्त्ररचनाकार इस्सेई मियाके यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये उघडलेले 'ट्वेंटी-वन ट्वेंटी-वन डिझाइन साइट' हे प्रदर्शनगृह येथे आहे आणि त्याची रचना वास्तुरचनाकार तादाओ आंदो यांची आहे. मियाके यांचा ध्यास होता 'कापडाचा एक तुकडा'. या कल्पनेवर त्यांनी दाई फुजिवारा यांच्याबरोबर असे कापड घडवले की यंत्रातून विणून येणाऱ्या सलग नळीतच पोशाखाच्या रेषा उमटलेल्या असत. त्या रेषांवरून कात्री चालवली की शिवणीवाचून कपडा तयार. नऊवारी नेसणाऱ्या आजीला पाहत वाढलेल्या मला हे परके वाटले नाही. अखंड वस्त्राला कात्री न लावता निऱ्या आणि कासोटा यांतून आकार देणे हेच ती रोज पहाटे करीत असे.

आंदोंनी हीच कल्पना पोलादात उतरवली आहे. पन्नास मीटरांहून लांब असे राखाडी छप्पर एकाच पत्र्याला घडी घालावी तसे दुमडून जमिनीकडे झेपावते. मी त्याच्या खालच्या टोकापाशी उकिडवी बसून राहिले. पत्र्याची कड इतकी बारीक दिसते की एवढा विस्तार ती पेलते यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. कागद हातात सपाट धरला की लवतो आणि मधोमध दुमडला की ताठ राहतो. येथेही घडी शोभेसाठी घातलेली नाही, ताकद तिच्यातूनच आली आहे. ओमोतेसांदोला मला जे खटकले होते त्याचे उत्तर या घडीत होते. वस्त्राचे रूप उचलणे सोपे असते. वस्त्र कसे बेततात हे इमारतीला शिकवणे अवघड असते. आपल्या भाषेत कापड 'बेततात' आणि कामाचाही 'बेत' आखतात. कात्री लावण्यापूर्वी आई कापड पसरून बराच वेळ नुसती पाहत बसायची, ते मला त्या छपराखाली आठवले.

बाहेरून इमारत लहान वाटते, कारण तिचा बहुतेक भाग जमिनीखाली आहे. जिना उतरून गेल्यावर आंदोंचे गुळगुळीत काँक्रीट आणि वरून उजेड घेणारे त्रिकोणी अंगण लागते. आत कोणते प्रदर्शन होते ते मी धड पाहिलेच नाही. दोन तास त्या भिंतींवर सरकणारा उजेड पाहण्यात गेले. गर्दी नव्हती, कोणी हटकले नाही आणि बसायला जागा होती. सगळ्या सहलीत एवढा निवांतपणा मला दुसरीकडे कुठेही लाभला नाही.

रात्री हॉटेलवरून आईला छपराचे फोटो पाठवले. ते बराच वेळ पाहून तिने फोन केला आणि विचारले, "घडी छान बसली आहे गं, पण आतून अस्तर कशाचं लावलंय?"

मग मी तिला काँक्रीटबद्दल सांगत बसले.