सेल्सोव्हेतची वही

सासूबाईंचं माहेरचं घर रशियातल्या त्वेर ओब्लास्तमधल्या (ओब्लास्त म्हणजे प्रांत) एका खेड्यात आहे. लाकडी घर, मागे बटाट्यांचं वावर, आणि कागद म्हणाल तर एकही नाही. २००६ च्या कायद्याने (लोक त्याला 'दाचा माफी' म्हणतात) अशा घरांची सोय झाली आहे. जमीन जुन्या काळापासून कुटुंबाकडे आहे, असा सेल्सोव्हेतच्या, म्हणजे ग्रामसोव्हिएतच्या (सोव्हिएत काळातल्या ग्रामपंचायतीच्या) घरवार वहीतला उतारा दिला की नोंदणी होते. नवऱ्याला सरकारी कागदांचा तिटकारा, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात पडलं.

पहिला अर्ज मी सरळ जिल्ह्याच्या अभिलेखागारात टाकला. सासूबाईंनी गावाच्या नावापुढे व्होलोस्तचं नाव सांगितलं, तेच लिहिलं. महिन्याभराने उत्तर: अशा व्होलोस्तच्या घरवार वह्या आमच्याकडे नाहीत.

नसणारच! व्होलोस्त ही झारकाळातली गोष्ट. १८६१ ला भूदासांची सुटका झाल्यावर गावं एकत्र बांधून व्होलोस्त केले, एकेकात ३०० ते २,००० पुरुष धरून. वर उयेझ्द (तेव्हाचा जिल्हा), त्याच्या वर गुबेर्निया (तेव्हाचा प्रांत). कारभारी शेतकऱ्यांनीच निवडलेला, पण त्याला अनेकदा लिहिता येत नसे, म्हणून खरी सत्ता पिसारच्या, म्हणजे कारकुनाच्या हातात. १९२० च्या दशकात सोव्हिएत सरकारने ही उतरंड मोडून रायोन (जिल्हा) आणि ओब्लास्त आणले. आणि घरवार वह्या सुरू झाल्या १९३४ ला. व्होलोस्त आणि वही यांची गाठच पडलेली नाही. सासूबाईंच्या आजीने मात्र मरेपर्यंत पत्ता व्होलोस्तचाच सांगितला, आणि तो असा घरात टिकून राहिला.

मग मी टेबलावर मोठा कागद पसरला आणि डाव्या बाजूला वर्षं लिहीत गेले. गाव जागचं हललं नव्हतं, पण १९२९ पर्यंत ते त्वेर गुबेर्नियात, मग मॉस्को ओब्लास्तमध्ये, १९३५ पासून कालिनिन ओब्लास्तमध्ये (त्वेर शहराचंच नाव तेव्हा कालिनिन होतं), आणि १९९० पासून पुन्हा त्वेर. खाली आणखी गोंधळ. गावाचा मूळ रायोन लहान होता, ख्रुश्चेव्हच्या काळात तो शेजारच्या रायोनमध्ये विरला. सेल्सोव्हेतही दोनदा जोडला गेला. नव्वदीत त्याला 'ग्रामीण ओक्रुग' (ओक्रुग म्हणजे विभाग) म्हणू लागले, २००३ च्या कायद्यानंतर 'ग्रामीण वस्ती', आणि आता तीही बरखास्त होऊन सगळा रायोन एकच नगरपालिका ओक्रुग झाला आहे. प्रत्येक फेरबदलात कार्यालय उठलं आणि दप्तर कुठल्यातरी गाडीत बसून पुढच्या गावी गेलं.

त्यामुळे काम दोन ठिकाणी वाटलेलं होतं. जमिनीचा उतारा नव्वदीतल्या वहीतून, ती सध्याच्या प्रशासनाकडे. घर बांधल्याचं वर्ष जुन्या वहीतून, ती अभिलेखागारात, मोडलेल्या रायोनच्या नावाखाली. या वेळी अर्जात मी गावापुढे त्या-त्या वर्षीचा सेल्सोव्हेत आणि रायोन लिहिला. तुम्हाला कधी असं काही करायचं झालं तर एवढं नक्की करा: आधी वर्ष ठरवा, मग त्या वर्षीचं नाव शोधा.

अभिलेखागारात वही बघायला मी स्वतः गेले. सातबारा बघत मोठी झालेली मी, जमिनीची नोंद शोधत होते, आणि समोर आलं अख्खं कुटुंब. एका घराला एक पान: कर्ता कोण, माणसं किती, जन्मवर्षं, कोल्खोजचं (सामूहिक शेताचं) सदस्यत्व, घर, जमीन, आणि शेवटी जनावरं. गाव सोडून कोण गेलं तेही. १९३२ ला पासपोर्ट (देशातच लागणारं ओळखपत्र) आले तेव्हा खेड्यातल्या बहुतेकांना ते मिळालेच नाहीत. शहरात जायचं तर सेल्सोव्हेतचा दाखला लागे. कोल्खोजमधल्या माणसांना सरसकट पासपोर्ट देण्याचा निर्णय झाला १९७४ ला, आणि वाटप सुरू झालं १९७६ पासून. म्हणजे सासूबाईंची आई पन्नाशी ओलांडेपर्यंत सरकारदरबारी होती ती प्रामुख्याने या पानावर.

घर १९४८ चं निघालं. प्रशासनाकडचा उतारा मात्र सहजी मिळाला नाही. खिडकीतल्या बाईंनी दोनदा परत पाठवलं, एकदा सासूबाईंच्या आईच्या आडनावात एक अक्षर चुकलं म्हणून. तिसऱ्यांदा जाताना मी सासूबाईंनाच सोबत नेलं. त्या बाईंचं आणि सासूबाईंचं गाव जवळजवळचं निघालं, आणि वीस मिनिटांत शिक्का पडला. यातून काय समजायचं ते समजा.

नोंदणी झाली. संध्याकाळी सासूबाईंना १९५२ च्या पानाचा फोटो दाखवला. गाय १, मेंढ्या २. त्यांनी चष्मा वर केला.

"तीन होत्या," त्या म्हणाल्या. "मेंढरांवर कर होता, वर लोकर द्यावी लागायची. मोजायला येणार म्हटलं की आई एक आत्याकडे नेऊन बांधायची."