पटाशीवरचा ठसा

आमच्या घरचे शिसवी कपाट ज्या मेस्तांनी घडवले, त्यांच्या पेटीतल्या चार पटाश्या आता माझ्याकडे आहेत. गोव्याच्या पावसाळ्यात लोखंड कसे फुलते हे इथल्या माणसाला सांगायला नको. हाती आल्या तेव्हा त्यांच्यावर पोलादापेक्षा गंजाच्या खपल्याच अधिक होत्या. उत्साहाच्या भरात मी पहिलीवर ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश फिरवला. ती लख्ख झाली, आणि मुठीखाली ठोकलेली पुसट अक्षरेही त्या लखलखाटात कायमची गेली.

शहाणा होऊन मग मी उरलेल्या तिघी रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी नुसत्या कापडाने पुसल्या आणि सोप्यावर उतरत्या उन्हात तिरप्या धरल्या. समोरच्या उजेडात न दिसणारे ठसे बाजूच्या उजेडात सावली धरतात. एकीवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासली, तर बाकदार नाकाचा विदूषक उमटला. तो इंग्रजी बाहुल्यांच्या खेळातला मिस्टर पंच, इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात हत्यारे करणाऱ्या आय. सोर्बी यांची खूण. त्याच शहरातल्या रॉबर्ट सोर्बी यांची खूण मात्र कांगारू, त्यामुळे नुसते आडनाव वाचून निवाडा करता येत नाही. शेजारी ‘कास्ट स्टील’, म्हणजे ओतीव पोलाद, हे शब्द होते. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने 1740 च्या दशकात, घड्याळाच्या कमानींसाठी एकजिनसी पोलाद हवे म्हणून, ते मातीच्या मुशीत वितळवून काढले, आणि पुढे हत्यारे करणारे हे शब्द आपल्या नावाइतक्याच अभिमानाने ठोकू लागले. ते पोलाद महाग असल्यामुळे जुन्या पटाश्यांत सपाट पाठीला तेवढा त्याचा थर देत आणि वरचे अंग साध्या लोखंडाचे ठेवत. धारेचा उतार घासला की दोन रंगांमधली रेघ स्पष्ट दिसते.

दुसरीवर शार्क निघाला, म्हणजे स्वीडनमधील एस्किलस्टूना गावच्या ई. ए. बर्ग यांचे काम. आमच्याकडे या माशाला मोरी म्हणतात, आणि ठसा ओळखण्याआधी मला तिचे आंबटतीक कालवण आठवले, हे कबूल केलेले बरे.

तिन्ही मुठींवर दोन अक्षरे होती, पण ती मेस्तांची, तापल्या खिळ्याने उमटवलेली. नवखा माणूस इथे हमखास फसतो; मालकाची खूण बहुधा लाकडावर असते आणि कारागिराची पोलादावर.

तिसरीच्या पोलादावर काहीच नव्हते. भिंग घेऊन, कागद घासून सगळे करून पाहिले. मग लक्षात आले की ही गावच्या लोहाराची असणार. धार बसली नाही तर त्याच्याच भट्टीपाशी जाऊन भांडायचे, तिथे नाव ठोकायचे कशाला? पंचवालीचे पाते अजून चांगले पाच इंच शिल्लक आहे. ही मात्र धारेच्या दगडावर झिजत झिजत जेमतेम अडीच इंच उरली आहे.