दोन रंगांचा चिखल

रविवार, रात्री दहा वाजता.

सायकल अंगणात भिंतीला टेकवून ठेवली आहे. ती धुण्याआधीच लिहायला बसलो आहे, कारण धुतल्यावर पुरावा उरणार नाही. मागच्या चाकाजवळच्या नळ्यांवर कालचा काळा चिखल वाळून भेगाळला आहे आणि त्यावर आजची तांबूस, मधूनच चमकणारी धूळ बसली आहे. काल मी नागपूरच्या पश्चिमेला गेलो होतो आणि आज ईशान्येला. दोन्हीकडे सायकल तीच होती, टायर तेच होते, पण अनुभव इतके निराळे होते की आपण एकाच जिल्ह्यात होतो यावर विश्वास बसत नाही.

ग्रॅव्हल बाईक घेतली तेव्हा घरच्यांना तिचे प्रयोजन पटवून देणे अवघड गेले होते. शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले हँडल, पण 40 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि डिस्क ब्रेक, म्हणजे डांबरावरही पळणारी आणि मुरमावरही न रुसणारी सायकल, एवढेच मी सांगू शकलो. या प्रकारातली सर्वांत गाजलेली शर्यत 2006 साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात सुरू झाली. तिथल्या टेकड्यांतला चकमकीचा दगड टायर कापतो, म्हणून तिथले सायकलस्वार आधी दगडाची चौकशी करतात आणि मग अंतराची. ही गोष्ट वाचली तेव्हा मला गंमत वाटली होती. या दोन दिवसांनंतर तो शहाणपणा वाटतो.

काल पहाटे काटोल रस्त्याने निघालो. गोरेवाड्याचे जंगल मागे पडले की जुनापाणीची शिळावर्तुळे लागतात. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी काळ्या बेसॉल्टचे गोटे गोलाकार मांडून ठेवलेले आहेत. या भागातल्या शिळावर्तुळांचे आणि जीवाश्मांचे वेड असलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 साली अशाच एका उत्खननावरून घोड्यावर परतताना टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात बुडून गेले. तिथे थांबलो की हटकून त्यांची आठवण येते. या मुलखातले नाले दिसतात तितके साधे नसतात.

गुरुवारी रात्री अवकाळी पाऊस झाला होता, हे मला ठाऊक होते. तरीही कळमेश्वरच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून एका पांदणीत शिरलो, कारण उन्हाळ्यात तीच पांदण मला फार आवडली होती. चूक माझी होती, रस्त्याची नव्हे. पहिले दोनशे मीटर मुरूम होता आणि पावसाने तो उलट दबून घट्ट झाला होता, त्यामुळे सायकल झकास चालली. मग संत्र्याच्या बागेपाशी मुरूम संपला आणि खाली काळी कन्हार लागली. ही माती ओली झाली की टायरला नुसती चिकटत नाही, ती थरावर थर चढवत जाते. पन्नास पावलांत चाक फोर्कमध्ये असे अडकले की ते फिरेना आणि ढकलताही येईना. काडीने चिखल उकरून काढावा, दहा पावले जावे आणि पुन्हा थांबावे, असा क्रम अर्धा तास चालला. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. वाळलेली असताना अकरा किलोची असलेली ती वस्तू तेव्हा नक्कीच पंधरा-सोळा किलोंची झाली होती.

बांधावरून एक काका हे सगळे बराच वेळ शांतपणे पाहत होते. जवळ पोहोचलो तेव्हा म्हणाले, "काहून आले भाऊ इकडून? पाणी आलं का इथून आमचे बैलबी नाही जात." मग त्यांनी स्वतःहूनच सांगितले की पलीकडच्या बरडावरून पायवाट आहे आणि तिथे चिखल होत नाही. खरोखरच नव्हता. पन्नास मीटरच्या फरकाने जमीन बदलली होती, आणि ते माझ्या मोबाईलवरच्या नकाशात कुठेच नव्हते.

आज सायकल गाडीला बांधून मनसरपर्यंत नेली, कारण कामठी-कन्हानवरून जाणाऱ्या महामार्गावर ट्रकांच्या संगतीत सायकल चालवण्यात मला काहीही पराक्रम वाटत नाही. गाडीत बसल्या बसल्या एक गोष्ट मनात जुळत गेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे जे थर पसरले, त्यांची पूर्वेकडची कड नागपुरापाशी येते. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स हा त्याच बेसॉल्टचा भाग आहे. कामठीपाशी वालुकाश्म लागतो, ज्याला भूशास्त्रात कामठीचेच नाव आहे, आणि मनसरपर्यंत जावे तर त्याहून कितीतरी जुने, दाबाने आणि उष्णतेने रूप पालटलेले खडक येतात. मनसर आणि कांद्रीच्या मॅंगनीजच्या खाणी त्याच खडकांत आहेत. पिकेसुद्धा दगडाच्या मागे जातात: काल कापूस आणि संत्री होती, आज धानाची कापलेली शेते होती.

मनसरहून पारशिवनीकडे आणि तिथून नवेगाव खैरीच्या धरणाकडे गेलो. दोन्ही बाजूंना साग, ऐन, धावडा आणि मोहाची झाडे होती. सागाची पाने आता राठ होऊन गळू लागली आहेत आणि टायरखाली पापडासारखी मोडतात. इथली वाट पक्की असते, पाणी पटकन निथरते, चिखलाचे भय जवळजवळ नसते. पण इथला शत्रू वेगळा आहे. अभ्रकाने चकाकणाऱ्या मातीतून गारगोटीचे पांढरे, धारदार तुकडे वर आलेले असतात. कालच्या सवयीने मी मागच्या चाकात हवा कमी ठेवली होती, तीस पौंडांच्या आसपास, आणि एका उतारावर टायरची बाजू बोटाच्या पेराएवढी चिरली गेली. या टायरांत ट्यूब नसते, बारीक भोके आपोआप बुजावीत म्हणून आत सीलंट नावाचा चिकट द्रव भरलेला असतो, तो पिचकारीसारखा पायावर उडाला. एवढी मोठी चीर सीलंटने भरत नाही. जुन्या टायरचा तुकडा आतून लावला, ट्यूब घातली आणि हवा चाळीसवर नेली. त्यानंतर दिवसभर हाडे खुळखुळली, पण टायर टिकला.

धरणाच्या पुढे पेंचचे राखीव जंगल आहे आणि परवानगीशिवाय त्याच्या आतल्या वाटांवर मी जात नाही. काही ओळखीचे सायकलस्वार आत घुसून आल्याच्या गोष्टी रंगवून सांगतात, मला त्यात शौर्यापेक्षा निष्काळजीपणाच अधिक दिसतो. ज्या जंगलात वाघ आहे तिथे आवाज न करता वेगाने येणारे चाक ही त्याच्यासाठीही चांगली बातमी नसते. जंगलाच्या कडेने जाणाऱ्या गावच्या रस्त्यांवरही ऊन चांगले वर आल्याशिवाय मी उतरत नाही आणि चार वाजता परतीला लागतो.

परतताना कालव्याची पाळ धरली. डावीकडे पाणी, उजवीकडे शेते, समोर दूरवर रामटेकचा डोंगर आणि त्यावरची देवळे. पाळीवर चढ-उतार नाही, वळणे मोजकीच आणि मुरूम एकसारखा दाबलेला. दोन दिवसांत पहिल्यांदाच रस्त्याकडे न बघता सायकल चालवली. त्या तासाभराबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही, इतका तो चांगला गेला.

वहीत आता दोन पाने वेगळी केली आहेत. पश्चिमेच्या पानावर लिहिले आहे: पावसानंतर चार दिवस पांदणीत शिरायचे नाही, बरडावरची वाट विचारून घ्यायची. ईशान्येच्या पानावर: हवा अडतीसच्या खाली नको, टायरचे दोन तुकडे सोबत ठेवायचे. आग्नेयेला उमरेडकडच्या जंगलाचे पान अजून कोरे आहे.

नळाला पाणी सकाळी सहा वाजता येईल. काळा चिखल आधी काडीने खरवडावा लागणार, तांबडी धूळ नुसत्या ओल्या फडक्यानेच निघेल.