'हार्डवेअर एन्कोडिंग' निवडूनही एक्सपोर्ट रेंगाळतो तेव्हा

संपादित व्हिडिओच्या एक्सपोर्टच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग (अंतिम फाइल बनवण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणे) निवडलेले आहे, तरीही प्रोसेसर शंभर टक्के राबतो आहे आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ स्वस्थ बसले आहे, असे दिसले की पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. सुटे भाग जोडून घरी बांधलेल्या माझ्या संगणकावर हेच घडले, आणि ड्रायव्हर पूर्णपणे काढून नव्याने टाकल्यावरही वेगात काहीच फरक पडला नाही.

अशा वेळी एक्सपोर्ट हे एकच काम नसून तीन कामांची साखळी आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. आधी मूळ फाइल डीकोड होते, म्हणजे तिच्यात दाबून साठवलेली चित्रे उलगडली जातात, मग रंगसंस्कार व इफेक्ट्स लागू होतात आणि शेवटी तयार झालेली चित्रे एन्कोड होतात, म्हणजे पुन्हा दाबून फाइलमध्ये साठवली जातात. एनव्हिडियाचे एनव्हेंक असो वा इंटेलचे क्विक सिंक, एन्कोडिंगसाठी चिपवर स्वतंत्र विभाग असतो. इफेक्ट्सचे गणित करणाऱ्या गाभ्यांशी त्याचा संबंध नसतो. म्हणून टास्क मॅनेजरमधील कार्डाच्या एकूण टक्केवारीवरून फारसे काही कळत नाही. डीकोड आणि एन्कोड यांचे आलेख वेगवेगळे पाहावेत. माझ्याकडे एन्कोडचा आलेख थोडा हलत होता, पण डीकोडचा शून्यावर होता. म्हणजे एन्कोडर ठीक होता. त्याला चित्रेच वेळेवर मिळत नव्हती.

कारण चित्रीकरणात होते. कॅमेऱ्याच्या फाइल एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत), १० बिट, ४:२:२ (नेहमीच्या ८ बिट ४:२:० पेक्षा रंगांची अधिक माहिती साठवणारा प्रकार) अशा होत्या, आणि ४:२:२ हार्डवेअरवर डीकोड करण्याची सोय एनव्हिडियाने २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत प्रथम दिली. माझे कार्ड त्याआधीचे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सला मात्र हा प्रकार डीकोड करता येतो, आणि तसा प्रोसेसर माझ्या संगणकात होताच; पण वेगळे कार्ड बसवले की अनेक मदरबोर्ड 'ऑटो' सेटिंगमध्ये अंगभूत ग्राफिक्स परस्पर बंद करतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन ते सक्तीने चालू केले, त्याचा ड्रायव्हर टाकला आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीकोडिंगसाठीही वापरता येणारे क्विक सिंक निवडले, तेव्हा प्रोसेसरवरचा भार उतरला. (प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर अंगभूत ग्राफिक्सच नसते, त्यामुळे खरेदीच्या वेळी वाचवलेले पैसे इथे महागात पडतात.)

निदान पक्के करण्यासाठी ८ बिट ४:२:० ची साधी क्लिप कोणताही इफेक्ट न लावता एक्सपोर्ट करून पाहावी. ती झपाट्याने निघाली तर एन्कोडरवर शंका घेण्याचे कारण उरत नाही.

हार्डवेअरचा पर्यायच निवडता येत नसेल, तर प्रश्न निराळा असतो. जीटी १०३० किंवा आरएक्स ६४०० यांसारख्या कार्डांत एन्कोडर मुळातच नाही, एनव्हेंकवर एच.२६४ या जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीच्या व्हिडिओची रुंदी ४०९६ पिक्सेलपलीकडे जात नाही. आणि काही सॉफ्टवेअरमध्ये दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग (आधी सगळा व्हिडिओ तपासून मग एन्कोड करणे) निवडताच काम प्रोसेसरकडे जाते. कमी बिटरेटची (दर सेकंदाला कमी डेटा वापरणारी) अंतिम प्रत मी आजही प्रोसेसरवरच काढतो, कारण तेवढ्याच आकारात तिची गुणवत्ता अधिक चांगली राहते.

बायोस अद्ययावत केल्यावर सेटिंग्ज बहुधा मूळपदावर जातात, तेव्हा अंगभूत ग्राफिक्सची नोंद पुन्हा तपासावी.