आमची नागमोडी पेरणी

आज ट्रॅक्टरनं सोयाबीन पेरलं. तासं निघाली नागासारखी वाकडी. भाचा धुऱ्यावर उभा राहून हसत होता. हा पोरगा मुंबईत शिडाच्या बोटींची कामं करतो. पावसाळ्यात त्या बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात, म्हणून स्वारी सध्या आमच्याकडे, वर्धा जिल्ह्यात.

"मामाजी, स्टेअरिंगले प्ले आहे तुमच्या, ढिलं झालं ते. चाक फिरवता, पण टायर किती वयले ते तुमाले ठावच नाही!"

म्हणे बोटीच्या ऑटोपायलटचंही (बोट आपोआप दिशेवर ठेवणारं यंत्र) असंच होतं. होकायंत्र त्याला बोटीच्या नाकाची दिशा सांगतं, पण मागचं सुकाणू किती अंश वळलंय ते कळलं नाही, तर तो गरजेपेक्षा जास्त वळवतो, मग उलट, मग परत. पाण्यावरही नागमोडी रेघ. वरून बॅटरी खातो ती वेगळीच. म्हणून सुकाणूला सेन्सर जोडतात. आत काय, तर जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा पोटेन्शिओमीटर! (मला वाटलं होतं काहीतरी उपग्रहाचं असेल.) काही नवे ऑटोपायलट त्याच्याशिवायही चालतात, जायरोवर, म्हणजे बोट किती वेगानं वळतेय ते मोजणाऱ्या सेन्सरवर, अंदाज बांधून.

मग बांधावर बसून त्यानं पऱ्हाटीच्या काड्या मांडल्या. सुकाणूचा हात आणि सेन्सरचा हात समांतर अन् सारख्या लांबीचे पाहिजेत, मधली दांडी ढिली नको. "नाहीतर सेन्सरच खोटं बोलते, मामाजी."

संध्याकाळी मिस्त्रीनं ट्रॅक्टरचा टाय रॉड (स्टेअरिंगचं वळण चाकाला पोचवणारी दांडी) हलवून दाखवला. बॉल जॉइंट पार झिजलेला. उरलेले दोन एकर आता उद्या, पावसानं उघाड दिली तर.